विश्लेषण : दिवाळीतला मातीचा किल्ला शाळेच्या वर्गात का यायला हवा?

सहामाहीचा शेवटचा पेपर संपला की महाराष्ट्रातल्या मुलांचे हात मातीत जातात. विटा, फुटक्या फरशा, जुने गोणपाट, कुठून तरी उचलून आणलेले दगड, बादलीभर चिखल. दोन दिवसांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा वाड्याच्या अंगणात किल्ला उभा राहतो. उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरली जाते, वर सिंहासनावर महाराज बसतात, पायथ्याशी मावळे आणि तोफा. यासाठी ना शिक्षक लागतो, ना पाठ्यपुस्तक. हस्तकलेतून इतिहास शिकण्याची याहून जुनी आणि जिवंत पद्धत राज्यात क्वचितच सापडेल. गंमत म्हणजे ही सगळी खटपट शाळा बंद असताना होते. शाळा उघडते तेव्हा किल्ला मोडलेला असतो आणि हस्तकलेच्या तासाला पुन्हा आइस्क्रीमच्या काड्यांचे घर सुरू होते.

गेल्या काही काळात मात्र शाळांनाही किल्ल्यांची आठवण होऊ लागली आहे. त्याला कारण आहे ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये झालेला निर्णय.

युनेस्कोच्या यादीत नेमके काय आले?

जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. भारताचे हे ४४वे वारसास्थळ. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी.

यातला महत्त्वाचा शब्द आहे ‘भूप्रदेश’. यादीत आली ती सुटी बांधकामे नाहीत, तर डोंगर, जंगल, पठार, किनारा आणि बेट यांचा वापर करून उभी केलेली संरक्षणाची एक साखळी. प्रतापगड दाट जंगलातल्या डोंगरावर, पन्हाळा पठारावर, विजयदुर्ग किनाऱ्यावर, तर खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग चहूबाजूंनी पाण्यात. उरलेले सहा गिरिदुर्ग. थोडक्यात, किल्ला समजून घ्यायचा तर आधी जमीन समजून घ्यावी लागते. आणि जमीन समजून घ्यायला मातीत हात घालण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

घरचा किल्ला आणि खरा किल्ला, फरक कुठे पडतो?

बहुतेक मुलांच्या किल्ल्याला पुढच्या बाजूला, अगदी मधोमध, एक मोठा दरवाजा असतो. त्याच्यापर्यंत सरळ पायऱ्या जातात. पाहणाऱ्याला तो लगेच दिसावा हाच हेतू असतो आणि तो चूकही नाही. पण खऱ्या किल्ल्याचे तंत्र नेमके उलटे होते. दरवाजा दिसूच नये, यासाठी बांधणाऱ्यांनी डोके लढवले होते.

रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे. सिंधुदुर्गाला होडीतून जाणाऱ्याला तटबंदी दिसते, पण प्रवेशद्वार अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. याला गोमुखी रचना म्हणतात. दोन बुरूज एकमेकांना कवेत घेतल्यासारखे वळतात आणि वाट त्यांच्या मधून अचानक काटकोनात फिरते. याचा फायदा काय? दरवाजा फोडायला हत्तीला धावत येण्यासाठी मोकळी जागाच उरत नाही. तोफेचा गोळा थेट दारावर बसत नाही. शिवाय वळणावर अडकलेल्या शत्रूवर दोन्ही बाजूंनी मारा करता येतो. लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे वळणावळणाच्या वाटेवर एकामागून एक येतात. वरून पाहिले की वाट सापासारखी दिसते.

हे फळ्यावर लिहून दिले तर परीक्षेपुरते पाठ होईल. पण दोन पुठ्ठ्याचे बुरूज, एक खेळण्यातला हत्ती आणि ‘आता याला दरवाजापर्यंत धावत नेऊन दाखव’ असे आव्हान दिले, तर पाचवीतल्या मुलालाही पाच मिनिटांत गोमुख म्हणजे काय ते कळते. वारसा हस्तकलेतून शिकायचा, म्हणजे हेच.

दुसरा फरक पाण्याचा. दिवाळीच्या किल्ल्यावर पाणी असते ते पायथ्याच्या तळ्यात, प्लास्टिकच्या बदकासह. खऱ्या किल्ल्यावर पाण्याचा विचार सर्वांत आधी व्हायचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या या ग्रंथात आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा, पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, असा सल्ला दिला आहे. टाके खोदताना निघालेला दगड तटबंदीला वापरला जाई, म्हणजे एका खर्चात दोन कामे. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी, सिंधुदुर्गावर भर समुद्रात असलेल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, ही त्याची ठळक उदाहरणे.

वर्गात याचा प्रयोग सोपा आहे. मातीचा किल्ला तयार झाला की वरून मगभर पाणी हळूहळू ओतायचे. पाणी कुठून वाहते, कुठे साठते, कुठली कड ढासळते हे मुलांनी वहीत टिपायचे. मग टाके कुठे खोदायचे ते त्यांनीच ठरवायचे. अळीव उगवलेल्या उतारावर आणि उघड्या उतारावर हाच प्रयोग केला, तर जमिनीची धूप हा भूगोलातला धडाही त्याच मगात उरकतो.

तिसरी गोष्ट माचीची. मुलांच्या किल्ल्याला सहसा एकच शिखर असते. राजगड पाहिला तर उंचावर बालेकिल्ला आणि त्याच्या खाली तीन दिशांना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. संजीवनी माचीवर तटाला बाहेरून दुसरा तट, म्हणजे चिलखती बांधणी. बाहेरचा तट पडला तरी आत आणखी एक उभा. जिंजीची गोष्ट आणखी वेगळी. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्या आणि त्यांना एकत्र बांधणारी तटबंदी. राजाराम महाराज १६८९ मध्ये तिथे पोहोचले आणि पुढे मोगलांना हा किल्ला घ्यायला सुमारे आठ वर्षे लागली. ‘इतकी वर्षे का लागली?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर तीन ढिगारे करून त्यांच्याभोवती सुतळी गुंडाळली की टेबलावरच दिसते. एक टेकडी पडली म्हणून किल्ला पडत नाही.

आणि मुलांना हमखास आवडणारी गोष्ट म्हणजे तटबंदीतले शौचकूप. अनेक किल्ल्यांवर ते आजही पाहायला मिळतात. किल्ल्यावर शेकडो माणसे राहत, तर त्यांची सोय काय, हा प्रश्न मुलेच विचारतात. दिवाळीच्या किल्ल्यात मात्र ते कुणी दाखवत नाही.

मावळा ५० मीटर उंच कसा होतो?

प्रमाण हा गणितातला कंटाळवाणा धडा. पण किल्ल्यावर तो मजेशीर होतो. समजा, वर्गाने १ मिलिमीटर म्हणजे १ मीटर असे प्रमाण धरले. १० मीटर उंचीचा बुरूज झाला १ सेंटिमीटरचा. आता त्याच्या शेजारी बाजारातून आणलेला ५ सेंटिमीटरचा मावळा ठेवला, तर प्रत्यक्षात त्याची उंची झाली ५० मीटर, म्हणजे साधारण १६ मजली इमारतीएवढी! मावळे बाजूला ठेवायचे असा याचा अर्थ नाही. महाराज आणि मावळ्यांशिवाय दिवाळीचा किल्ला कसला? पण खेळणे आणि प्रतिकृती यात काय फरक असतो, हे मुलांना या एका हिशेबातून कळते.

याहून पुढे जायचे असेल, तर सातवी-आठवीच्या मुलांसाठी पुठ्ठ्याचा डोंगर हा चांगला प्रकल्प आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर डोंगराळ भागात साधारणपणे दर २० मीटरला एक समोच्च रेषा असते. नकाशातला किल्ल्याचा भाग पाच पट मोठा करून छापला की प्रमाण १:१०,००० होते, म्हणजे १ सेंटिमीटरला १०० मीटर. आता २ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घेतला, तर त्याची जाडी बरोबर २० मीटर उंची दाखवते. प्रत्येक समोच्च रेषेच्या आकाराचा एक थर कापायचा आणि एकावर एक चिकटवायचा. ४०० मीटर चढाचा डोंगर २० थरांत होतो, उंची फक्त ४ सेंटिमीटर. दीड किलोमीटर लांबीचा माथा १५ सेंटिमीटरमध्ये बसतो. सगळा किल्ला बाकावर मावतो.

तयार झालेला डोंगर पाहून मुलांची पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘एवढाच?’ अशीच असेल. कारण मनातला किल्ला नेहमी सुळक्यासारखा उभा असतो. पण जिथे थर एकमेकांना चिकटून आलेले दिसतात, तिथे कडा आहे आणि कडा आहे तिथे बहुधा तट बांधायची गरजच पडलेली नाही, हे नजरेस येते. जिथे थर लांब-लांब पसरलेत, तिथून शत्रू येणार आणि तिथेच तट, बुरूज आणि दरवाजांची गर्दी. भूगोलाच्या पेपरात दोन गुणांना येणारी समोच्च रेषा इथे किल्ल्याच्या रचनेचे कारण सांगू लागते.

सरकारी धोरण काय म्हणते?

हाताने काम करत शिकण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी ‘नई तालीम’ मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा तयार केला. हस्तोद्योग हा जोडविषय न राहता शिकण्याचा मध्यबिंदू असावा, ही त्यामागची भूमिका. पुढे राज्याच्या अभ्यासक्रमात तिचे ‘कार्यानुभव’ झाले आणि हळूहळू तो वेळापत्रकातला मोकळा तास झाला.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या वेळी एनसीईआरटीने वारसा हस्तकलांवर स्वतंत्र आधारपत्र तयार केले. कारागिरांनाच प्रशिक्षक म्हणून शाळेत आणावे, हा त्यातला एक महत्त्वाचा आग्रह. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ‘कलासमाकलित अध्ययना’वर भर दिला. म्हणजे कला वेगळ्या तासाला न शिकवता इतिहास, गणित, विज्ञान शिकवण्यासाठी वापरायची. सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना, सुतार, कुंभार, माळी, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकायला जायचे, असेही हे धोरण सांगते. सीबीएसईने पहिली ते दहावीसाठी कलासमाकलित प्रकल्प बंधनकारक केला आणि त्यात ‘एक भारत श्रेष्ठ भारत’मधल्या जोडीच्या राज्याची कला आणली. महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी. म्हणून महाराष्ट्रातल्या सीबीएसई शाळांच्या भिंतींवर अलीकडे पट्टचित्रे दिसतात.

कागदावर सगळे आहे. अडते ते दुसरीकडेच.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण स्पर्धेची. किल्ला स्पर्धेत बक्षीस मिळते ते दिव्यांच्या माळांना, धबधब्याच्या मोटारीला आणि रंगकामाला. दरवाजा योग्य जागी आहे का, टाके कुठे आहे, हे परीक्षक क्वचितच विचारतात. परिणामी किल्ला मोठा होत जातो, पण माहिती तेवढीच राहते. त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले बाजारात मिळू लागले आहेत. फ्लॅटमध्ये माती आणायची कुठून, हा पालकांचा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र विकत आणलेल्या किल्ल्यात मुलाला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. बुरूज कुठे हवा, हे साच्याने आधीच ठरवलेले असते. शाळेचे मैदान आणि मातीचा ढीग ही सोय इथेच उपयोगी पडू शकते.

दुसरी अडचण ‘प्रोजेक्ट’ संस्कृतीची. ‘उद्या थर्माकोलचा किल्ला आणा’ अशी सूचना संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते आणि रात्री अकरा वाजता घरातले मोठे कटर घेऊन बसतात. सकाळी वर्गात चाळीस किल्ले येतात, त्यातले तीस एकाच व्हिडीओवरून केलेले. गुण दिले जातात, फोटो काढले जातात. किल्ला कुठला, हे विचारले तर मुलाला खालच्या पट्टीवरचे नाव वाचावे लागते.

तिसरी अडचण तासांची. चित्रकलेच्या शिक्षकाला बहुतेक शाळांत एका वर्गासाठी आठवड्याला मोजके तास मिळतात, तेही परीक्षा जवळ आली की गणिताला जातात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे उरलेला वेळ त्यांच्या तयारीत जातो. इतिहास आणि चित्रकला या दोन शिक्षकांनी एकत्र बसून एक प्रकल्प आखावा, अशी जागा वेळापत्रकात नाही. ती शाळेलाच काढावी लागेल. सहामाही परीक्षा ते दिवाळीची सुटी यांच्या मधले दोन-तीन दिवस त्यासाठी सोयीचे आहेत.

वारलीच्या किनारीने काय बिघडते?

किल्ल्यापेक्षा शाळांमध्ये जास्त दिसणारा वारसा म्हणजे वारली चित्रे. फाइलचे कव्हर, कुंडी, पेनस्टँड, गॅदरिंगचा पडदा, सगळीकडे दोन त्रिकोणांची माणसे आणि फेर. हरकत काहीच नाही. पण अनेक मुलांना वारली हे चित्राच्या शैलीचे नाव वाटते. ते पालघर परिसरात आजही राहणाऱ्या एका आदिवासी समाजाचे नाव आहे, हे त्यांना माहीत नसते.

गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ही चित्रे मूळची लग्नविधीतली. लग्नाचा चौक सवाष्ण बायका काढत आणि त्याच्या मध्ये पालघट देवीचे स्थान असे. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

एवढी माहिती द्यायला वर्गात दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर मुलांनी वारली माणसे काढण्याऐवजी स्वतःच्या गल्लीतला एक दिवस, म्हणजे पाण्याचा टँकर, रिक्षा, भाजीवाली, गणपतीची मिरवणूक, वर्तुळ-त्रिकोणात मांडून पाहिला, तर ही चित्रभाषा काय करू शकते ते त्यांना कळेल. आणि शक्य असेल तिथे वारली चित्रकाराला मानधन देऊन शाळेत बोलवावे. मानधनाचा उल्लेख मुद्दाम. ‘मुलांसाठी फुकट या’ ही विनंती कलाकारांनाच का केली जाते, याचाही विचार शाळांनी करायला हवा.

जतनाशी याचा काय संबंध?

भारताने १९७७ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक वारसा कराराचे कलम २७ सदस्य देशांना शिक्षणाद्वारे लोकांमध्ये वारशाविषयी आदर वाढवण्यास सांगते. राज्यघटनेच्या कलम ५१(क) मध्येही संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास केंद्रीय कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही कुठल्याही लोकप्रिय किल्ल्यावर गेले की बदामात कोरलेली नावे दिसतातच.

दंडाच्या पाटीने जे होत नाही, ते कदाचित चुन्याने होईल. काही किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्याचे अवशेष आजही आहेत. त्या दगडी चाकाखाली चुना मळून तटाच्या सांध्यांत भरला जाई. शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, विझवलेला चुना आणि वाळू यांनी दोन विटा जोडल्या आणि शेजारी सिमेंटने दोन जोडल्या, तर चुना किती सावकाश घट्ट होतो हे मुलांना दिवस मोजून कळेल. जुन्या भिंतीला सिमेंट का लावायचे नाही, हाही प्रश्न तिथूनच निघतो. सिमेंट कडक आणि ओलावा अडवणारे, चुना मऊ आणि ओल बाहेर जाऊ देणारा. चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरले की ओल आत अडकते आणि शेजारचा दगड झिजू लागतो.

शाळेला सुरुवात करायची असेल तर?

एकच किल्ला निवडावा, शक्यतो जवळचा. यादीतला असलाच पाहिजे असे नाही. गावाजवळची गढी किंवा वेससुद्धा चालेल. नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की ओपन सिरीज नकाशे पीडीएफ स्वरूपात मिळतात. पाच-सहा मुलांचा एक गट करून एका गटाने वाट आणि दरवाजे, दुसऱ्याने पाणी, तिसऱ्याने तट आणि बुरूज, चौथ्याने धान्यकोठार, सदर, देवड्या असे भाग वाटून घ्यावेत. किल्ला पाहायला जाणे जमले तर उत्तमच, पण किल्ला करून झाल्यावर जावे. आधी गेले तर ती सहल होते. नंतर गेले तर मुले ‘आपण टाके चुकीच्या जागी खोदले’ म्हणत फिरतात.

परीक्षकांसाठीही एक सूचना. गुण देताना प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारावा : तुम्हाला हा किल्ला जिंकायचा असता, तर कुठून चढला असता? उत्तर देताना मुलांचे बोट आपोआप त्यांच्याच किल्ल्यातल्या कच्च्या जागेवर जाते.